जीपच्या बॅटरीला मी पाजलेलं पाणी

मोटारीची बॅटरी कशाकशाने मरते ते मला विचारा. उन्हाने मरते, तहानेने मरते, रस्त्याचे हादरे खाऊन आतल्या शिशाच्या पट्ट्या झडतात तेव्हा मरते, आणि काही न करता नुसती उभी ठेवली तरी मरते. एक बॅटरी मात्र माझ्यामुळे मेली, आणि तिच्यापायी एका चांगल्या माणसाची सीट गेली. बाकीची कारणं मी आजवर पुष्कळांना सांगितली आहेत, कारण पुढे माझं सगळं आयुष्य मोटारीवरच गेलं. हे कारण सांगितलं नव्हतं. मुळात मी बोलणारा माणूस नाही. पण आता पन्नाशी उलटली, आणि न बोलण्याची मला शरम वाटायला लागली आहे.

गोष्ट एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची, चंद्रपूरला सगळे चांदा म्हणायचे तेव्हाची. गडचिरोलीच्या पुढे जंगलात एका लाकडाच्या ठेकेदाराचा तळ होता. तिथे मी बाबू होतो. बाबूने मजुरांची हजेरी घ्यायची, लाकडांवर नंबर टाकायचे, मालक आला की पान लावून द्यायचं, आणि जे काम कुणाचंच नाही ते आपलं समजायचं. तळावर एक जीप होती, लढाईत वापरून झालेली आणि लिलावात घेतलेली. तिला दारं नव्हती, छत उन्हाळ्यात असायचं आणि पावसाळ्यात फाटायचं. पण चाल अशी की नाल्याच्या रेतीतून म्हशीसारखी शांतपणे निघून जायची.

ती चालवणारे भाऊ मूल गावाकडचे. चाळिशीचा माणूस, अंगाने आडवा, नाकात सदा तपकीर. त्या तपकिरीपायी त्यांचं नाक पार मेलेलं होतं. चुलीवर भात करपला तरी शेजारच्याने सांगावं लागे. पण जीपच्या बाबतीत त्यांच्याइतका जपणारा माणूस मी पाहिला नाही. गाडी चालवायला मला त्यांनीच शिकवलं. आधी मात्र बॅटरी शिकवली.

"स्टिअरिंग तं माकडाले बी फिरवता येते, बाबू. आधी हिले पाणी पाजाले शिक."

दर शनिवारी सकाळी बॉनेट उघडायचं. काळ्या डब्यावर तीन बुचं. ती काढून आत पाहायचं. शिशाच्या पट्ट्या पाण्याखाली बुडालेल्या हव्यात. किती बुडालेल्या, तर भाऊंचं माप घरगुती होतं.

"भात मांडतो तेव्हा तांदळावर पाणी ठेवतो ना? तेवढंच. फक्त बोट घालून पाहू नको. बोट शिजून जाईन."

आमच्याकडच्या उन्हात ते पाणी भराभर उडायचं. एप्रिल-मे महिन्यांत बॅटरी माणसापेक्षा जास्त पाणी प्यायची. पण तिचं पाणी वेगळं. मी एकदा विचारलं, "भाऊ, विहिरीचं काऊन नाई घालायचं?"

"विहिरीच्या पाण्यात चुना असते, लोखंड असते. आपल्या पोटाले चालते, हिच्या नाई चालत. हिले वाफेचं पाणी लागते. वाफ करायची, थंडी करायची, थेंब थेंब जमा करायचा. असं पाणी दिलं तं उन्हाळ्यामागं उन्हाळे काढते."

हे वाफेचं पाणी चांद्याच्या बॅटरीच्या दुकानातून काचेच्या मोठ्या बरणीत आणायचं असे. ते आणणं हेही कुणाचंच काम नव्हतं, म्हणजे माझं होतं.

भाऊंचा एक गुन्हा इथेच सांगतो, कारण पुढे तो त्यांना महागात पडला. आमच्या भागात गावागावांत वीज नव्हती, पण लग्नाला भोंगा पाहिजेच असे. भोंग्यावर गाणी वाजली नाहीत तर नवरदेव रुसायचा. तो भोंगा मोटारीच्या बॅटरीवर चालायचा. एका लग्नसराईत शेजारच्या गावच्या पाटलाने गळ घातली आणि भाऊंनी जीपची बॅटरी काढून दिली. दुसऱ्या दिवशी जीप उठेना. मालकाने विचारलं तेव्हा भाऊ आधी "मले माहीत नाई जी" म्हणाले, मग कबूल झाले, कान धरले आणि बॉनेटवर हात ठेवून शपथ घेतली की पुन्हा नाही. बॅटरी चार्ज करून आणली, ती ठणठणीत झाली. मालकाच्या डोक्यात मात्र ते "माहीत नाई जी" बसून राहिलं.

आता माझा गुन्हा.

मे महिना होता. मी चांद्याहून बरणी घेऊन सर्व्हिस मोटारीने, म्हणजे प्रवासी बसने, परत निघालो होतो. मूल ओलांडल्यावर मोटारीचं चाक बसलं. जवळ गाव नाही, विहीर नाही. सगळे उतरून एका झाडाखाली बसले. बरणी माझ्या मांडीजवळ, आत पाणी लखलखत होतं. एक बाई कडेवरच्या लेकराला घेऊन पुढे आली.

"बाबूजी, इतकंसं पाणी द्या ना लेकराले."

"बाई, हे मोटारीचं पाणी आहे."

"मोटार पिते तं माणूस काऊन नाई पिणार?"

मी बरणीचं बूच काढलं. लेकराला दिलं. मग बाईला नाही म्हणता येईना. मग तिच्या सासूला. मग पंगत बसावी तशी सगळी मोटार ओळीने बसली. एका म्हाताऱ्याने घोट घेऊन तोंडात घोळवला आणि तोंड वाकडं केलं.

"हे पाणी गोड नाई, खारं नाई, काहीच नाई. कुठच्या गावचं हाय हे?"

"चांद्याचं," मी म्हणालो.

"म्हणूनच," म्हातारा म्हणाला आणि पुन्हा ओंजळ पुढे केली.

शेवटचा घोट कंडक्टरने घेतला आणि रिकामी बरणी मला फार अदबीने परत दिली.

वैनगंगेचा घाट ओलांडून मी तळाकडे चालत निघालो तेव्हा डोक्यात एकच विचार होता, भाऊंना काय सांगायचं. लोक तहानलेले होते, एवढं सरळ वाक्य होतं. भाऊ हसले असते आणि मला पुन्हा चांद्याला पिटाळलं असतं, बस. पण सरळ वाक्यं माझ्या तोंडून वेळेवर निघत नाहीत. त्याऐवजी मला एक युक्ती सुचली, आणि ती सुचल्याचा त्या दिवशी मला मोठा अभिमान वाटला.

तळाजवळच्या पाड्यावर एक गोंड विधवा होती. सगळे तिला माय म्हणत. ती मोहफुलांची दारू गाळायची. चुलीवर मडकं, त्यावर दुसरं मडकं, बांबूची नळी, आणि नळीच्या टोकाला थंड पाण्यात ठेवलेलं भांडं. वाफ करायची, थंडी करायची, थेंब थेंब जमा करायचा. भाऊंनी सांगितलेलं सगळं तिथे होतं. फक्त मोहफुलांऐवजी मडक्यात साधं पाणी घालायचं.

माय कमरेवर हात ठेवून हसत सुटली.

"पाण्याचं पाणीच काढायचं? पोट्ट्या, तुले ऊन लागलं."

"माय, मोटारीले पायजे."

"मडकं मी धुवून देते. पण नळीचा वास जाणार नाई, सांगून ठेवते. किती वर्षांची दारू पिली हाय त्या नळीनं."

"मोटारीले कुठं नाक आहे?" मी म्हणालो.

बरणी भरली. किंचित वास होता, खरं आहे. भाऊंनी बरणी उन्हात धरून पाहिली, पाणी कसं लख्ख आहे म्हणाले, आणि त्या शनिवारी बॅटरीला पाजलं. त्यांना वास येणं शक्यच नव्हतं. जीप पहिल्यापेक्षा चांगली चालली, निदान मला तसं वाटलं.

एकदा जमलं म्हणताना मी चांद्याहून बरणी आणणं सोडूनच दिलं. चांद्याला जायचो, कामं करायचो, हात हलवत यायचो, आणि पाड्यावरून बरणी भरून आणायचो. माय भाजलेली मोहफुलं हातावर ठेवायची आणि विचारायची, "कशी हाय तुझी मोटार? झिंगते का?" आम्ही दोघं हसायचो. वर्षभर हे चाललं.

पुढच्या लग्नसराईत ते घडलं. नागपूरचा एक मोठा व्यापारी लाकूड पाहायला आला होता. मालकाने त्याला जीपमध्ये पुढे बसवलं, भाऊ चालवायला, मी मागे. नाल्याच्या मधोमध, गुडघाभर पाण्यात, जीप बंद पडली. भाऊंनी पायाने स्टार्टर दाबला. टक् असा आवाज झाला आणि मग तोही नाही. हँडल मारून पाहिलं. हँडलने इंजिन फिरतं, पण ठिणगी पडायला बॅटरीत थोडा तरी करंट लागतो. तेवढाही नव्हता. व्यापाऱ्याने धोतर वर खोचलं आणि पाण्यात उतरला.

मागून एक बैलगाडी आली. गाडीवानाने बैल सोडून जीपला जुंपले आणि जीप काठावर ओढून काढली.

"मालक, पुढच्या वेळी बैलच आणा," तो म्हणाला. "हे बी पाणी पितात, पण चालतात बी."

व्यापारी खो-खो हसला. तो हसला तिथेच भाऊंचं नशीब ठरलं. मालक एरवी वाईट माणूस नव्हता, पण पाहुण्यासमोर हसं झालेलं त्याला सोसलं नाही. त्यात आदल्या दिवशी शेजारच्या गावात लग्न होतं आणि भोंग्याची गाणी तळापर्यंत ऐकू आली होती.

"काल भोंगा कशावर वाजला?" त्याने भाऊंना विचारलं.

"माहीत नाई जी. आपली बॅटरी गाडीतच होती."

"मांगच्या वेळी बी तू हेच म्हणला होता. माहीत नाई जी!"

"तेव्हा खोटं बोललो होतो, मालक. आज खरं बोलून राह्यलो."

"म्हणजे कोणत्या दिवशी खरं बोलतोस ते तू ठरवणार?"

भाऊंनी बॉनेटवर हात ठेवला. मालक म्हणाला, "हात काढ. ते शपथेचं नाटक झालं एकदा." मग माझ्याकडे वळला. "बाबू, तुले गाडी येते ना?"

"हौ जी."

"मंग उद्यापासून तू चालव. ह्याले डेपोवर लाकडं राखाले बसव. नवी बॅटरी घेऊन ये. मी आता दिवाळीले येईन. तवरक नवी बॅटरी चांगली राह्यली तं समजन की दोष ह्याचाच होता. ते बी मेली, तं बॅटऱ्याच खराब निघाल्या म्हणन, आणि ह्याची सीट ह्याले परत."

म्हणजे हिशोब सरळ होता. बॅटरी जगली तर भाऊ खोटे, बॅटरी मेली तर भाऊ खरे.

मेलेली बॅटरी घेऊन मी चांद्याला गेलो. दुकानदाराने बुचं काढली, नाक जवळ नेलं आणि झटक्यात मागे घेतलं.

"क्या पिलाया इसको? सिरक्यासारखी बास मारून राह्यली."

त्याने बॅटरी उपडी केली. पट्ट्यांचा चुरा बाहेर पडला. भोंग्याने बॅटरी उतरली असती तर पुन्हा चार्ज झाली असती, तो म्हणाला. हिच्यात दारूचा अंश गेला आहे, त्याचा आत सिरका, म्हणजे व्हिनेगर, होतो आणि तो शिसं खाऊन टाकतो. "मालक को बोल देना."

"हौ," मी म्हणालो.

परतीच्या वाटेवर मोटारीत नवी बॅटरी पायाशी, खऱ्या पाण्याची बरणी मांडीवर. या खेपेला कुणी पाणी मागितलं नाही. मी वाक्य तयार केलं होतं: भाऊ, पाणी माझं होतं. चार शब्द. घाटावर भाऊ स्वतः बैलगाडी घेऊन आले होते. त्यांनी बॅटरी माझ्याकडून बाळंतिणीच्या लेकरासारखी दोन्ही हातांनी घेतली, गाडीत गवत पसरलं होतं त्यावर ठेवली, आणि म्हणाले, "आता तुझ्या हाती आहे, बाबू. जप हिले." मी म्हणालो, "आज ऊन लय आहे."

का नाही बोललो, याचं उत्तर मी स्वतःला पुष्कळ वर्षं असं देत होतो की मायची चोरीची भट्टी उघडी पडली असती. ते खोटं नव्हतं, पण अपुरं होतं. माझी नोकरी गेली असती, हेही खरं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी जीपच्या सीटवर बसलो, स्टिअरिंग हातात आलं, मजुरांची पोरं मागे धावली, आणि मला आनंद झाला. मला तो फार आवडला.

मग पाऊस लागला. जंगलातलं काम बंद झालं, मालक चांद्याला, जीप तळावरच्या छपरीत उभी. उभी बॅटरी आपोआप उतरत जाते. आठवड्यातून एकदा तरी इंजिन चालू ठेवलं पाहिजे, म्हणजे ती भरते. आणि इथे मला माझ्यासारख्याला शोभेल असा मार्ग सापडला. बोलायचं नाही, काही करायचंही नाही. शनिवार चुकवायचे. बॅटरी आपली आपण मरेल, दिवाळीला जीप उठणार नाही, भाऊ खरे ठरतील आणि मला तोंड उघडावं लागणार नाही. काही शनिवार मी छपरीकडे फिरकलोच नाही. मला फार उदार वाटत होतं.

एका सकाळी धो-धो पावसात भाऊ डेपोवरून चिखल तुडवत आले. डोक्यावर मोहाच्या पानांचं इरलं, धोतर मांडीपर्यंत. आल्या आल्या छपरीत शिरले आणि बॉनेट उघडलं.

"बाबू! हिले उपाशी मारून राह्यला का? किती दिवस झाले इंजिनचा आवाज नाई. डेपोवर आयकू येते मले."

मी छपरीच्या खांबाला टेकून उभा राहिलो. म्हणालो, "भाऊ, ही मेली तं सीट तुमची."

त्यांनी बुच हातात धरून माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागले, पोट धरून.

"मालक मले चोर म्हणते. आता तू खुनी बी हो म्हणतोस?" त्यांनी चिमूटभर तपकीर ओढली. "हिचा काय दोष? मालक दिवाळीले शांत डोक्यानं येईन. मी समजावून सांगीन. लेकरंबाळं असलेला माणूस हाय, आयकून घेईन. पाणी चांद्याचं हाय ना?"

"हौ," मी म्हणालो. या वेळी ते खरं होतं.

त्यांनी पाणी भरलं, टोकांवरचा पांढरा बुरा गरम पाण्याने धुतला, ग्रीस लावलं, आणि इंजिन बराच वेळ चालू ठेवलं. नंतर पावसाळाभर ते दर शनिवारी येत राहिले. मी छत्री धरायचो. ज्या बॅटरीच्या जगण्याने ते खोटे ठरणार होते, तिला त्यांनी स्वतःच्या हाताने जगवलं, आणि ते करताना धान कसं उभं आहे, कुणाची गाय व्याली, असं काहीबाही बोलत राहायचे. बोलण्याच्या फटीत माझे चार शब्द कितीदा तरी बसले असते.

दिवाळीनंतर भाऊ तळावर राहिले नाहीत. आपली वळकटी घेऊन सर्व्हिस मोटारीत बसले. पुढे सिंदेवाहीकडे कुण्या राइसमिलच्या ट्रकवर लागल्याचं कानावर आलं, नंतर तेही नाही. मी ती जीप तिचा सांगाडा होईपर्यंत चालवली. तिच्यानंतर दुसऱ्या गाड्या आल्या. मला चांगला ड्रायव्हर म्हणतात. बॅटरी माझ्यासारखी कुणी सांभाळत नाही, असंही म्हणतात.

पण दिवाळीची ती सकाळ सांगायची राहिली. मालक आला, नव्या चपला घालून. सगळा तळ छपरीपुढे जमला होता. भाऊ धुतलेला सदरा घालून आले होते आणि जीपच्या तोंडाशी उभे होते. समजावून सांगायचं ते सगळं त्यांनी मनात लावून ठेवलं असणार, कारण ओठ हलत होते.

"बस, बाबू," मालक म्हणाला. "मार स्टार्टर."

मी बसलो. पाय ठेवला. क्षणभर मनातल्या मनात म्हणालो, नको उठू. आणि दाबला. पहिल्याच दाबासरशी इंजिन घुमलं, असं की छपरीतल्या कोंबड्या उडाल्या.

"आयका!" भाऊ ओरडले. त्यांनी चक्क टाळी वाजवली. "आयका, कशी बोलून राह्यली! पावसाळाभर उभी होती म्हणून सांगितलं तं कोणाले पटन?"

सगळ्यांकडे वळून वळून ते हसत होते. मग मालकाच्या चेहऱ्याशी आले आणि थांबले. टाळीसाठी उचललेले हात तसेच राहिले. आपण कशाला टाळी वाजवली ते त्यांना तेव्हा कळलं.

"मंग?" मालक म्हणाला.

भाऊंनी हात खाली घेतले. सदऱ्याला पुसले. समजावून सांगायचं होतं त्यातलं काहीच त्यांनी काढलं नाही.

"मंग काय जी," ते म्हणाले. "बॅटरी चांगली हाय."

मालकाने मान डोलावली आणि माझ्याकडे वळला. "गाडी आता तुझीच, बाबू."

"हौ जी," मी म्हणालो.

इंजिनाच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नाही. "काय?" म्हणून त्याने कान पुढे केला. इंजिन बंद करता आलं असतं. मी केलं नाही. आधीपेक्षा मोठ्याने, सगळ्या तळाला ऐकू जाईल असं म्हणालो, "हौ जी."